आधी गार करा, मग दवाखाना गाठा

सातारा-सांगलीतील भरती अकॅडमींचे चालक, प्रशिक्षक आणि पालक यांना कळकळीचं आवाहन.

ऊन तापायला लागलं आहे आणि भरतीचा सराव ऐन भरात आहे. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत प्रत्येक डांबरी रस्त्यावर पोरंपोरी धावताना दिसतात. याच माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. इथल्या पोरांच्या जिद्दीबद्दल शंकाच नाही. थांबायचं कधी, हे मात्र त्यांना सांगावं लागेल, आणि ते मोठ्यांनीच सांगायला हवं.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात किमान चार उमेदवारांचा जीव गेला. तेव्हा राज्याचे गृहमंत्री तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, आपले आबा, होते. पुढे अंतर कमी झालं. आता मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पण झारखंडात २०२४ मध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीसाठी दहा किलोमीटरची धाव ठेवली गेली आणि त्या भरतीत दहाहून अधिक तरुण दगावले. आपल्याकडे चाचणीचं अंतर घटलं, सरावाचं घटलेलं नाही. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की पूर्ण २० गुण; त्या दमासाठी पोरं आठ-दहा किलोमीटर पळतात, कधी सकाळी नऊच्या उन्हात, कधी वजन उतरवायला अंगात जॅकेट चढवून. ते जॅकेट आजच काढायला लावा.

धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा जेमतेम पाव भाग पाय हलवायला लागतो. बाकीची उष्णता होते. ती घालवायचा मोठा मार्ग म्हणजे घाम, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. हवा दमट असेल तर तो नुसता निथळतो. म्हणून मोबाइलवरचं तापमान बघून फसू नका. सातारा हिल मॅरेथॉनच्या दिवसांत यवतेश्वरच्या घाटात धुकं असतं, गारवा वाटतो, पण ओल्या हवेत चढ चढणाऱ्याचं अंग आतून तापतच राहतं. दोहाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरीही ६८ पैकी २८ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या.

लांब पल्ला पहाटेच उरका. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवा. ताप, जुलाब किंवा उपास असेल तर त्या दिवशी सुट्टी. तहान लागेल तसं पाणी द्या. बळेच लिटरभर पाणी पाजणंही घातक ठरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धावता धावता पोरगं झोकांड्या देऊ लागलं, बरळू लागलं, उगाच चिडू लागलं, तर उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. धावणाऱ्याला तो घामाघूम असतानाही होतो. कांदा हुंगवण्यात, तोंडात पाणी ओतण्यात एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच क्षणी गार करायला लागा. ताडपत्रीच्या कडा चौघांनी उचलून धरा, मध्ये त्याला ठेवा, वरून पाणी आणि बर्फ ओता, पाणी हलवत राहा. डोकं पाण्याबाहेर धरा. बर्फ नसेल तर विहिरीचं पाणी, बोअरचा पाइप, जे असेल ते. पहिल्या अर्ध्या तासात अंगाचं तापमान उतरलं तर बहुतेक जीव वाचतात. जतहून मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पोचायलाच दीड-दोन तास लागतात. तापलेल्या पोराला तसंच गाडीत घालून पळवणं म्हणजे हातातला तो अर्धा तास रस्त्यावर सांडणं.

ताडपत्री शेतकऱ्याच्या घरात असतेच. बर्फाला फार पैसे पडत नाहीत. अकॅडमीची फी भरणाऱ्या प्रत्येक आईबापानं उद्या मैदानावर जाऊन विचारावं: ताडपत्री कुठे आहे, बर्फ कुठे आहे, आणि पोरगं कोसळलं तर काय करायचं हे इथं कोणाला येतं? उत्तर मिळेपर्यंत आपल्या मुलामुलीला लांब पल्ल्याला सोडू नका.