समुद्रातलं अप-डाऊन

शुक्रवारची रात्र, पुणे-उदगीर बस. माझी एक मैत्रीण दर आठवड्याला हे अप-डाऊन करते. नोकरी हिंजवडीत, सात महिन्यांचं बाळ उदगीरला आजीकडे. परवा फोनवर म्हणाली, ‘‘मी वाईट आई आहे का गं?’’

मी तिला अंटार्क्टिक फर सीलची गोष्ट सांगितली. पिल्लू झाल्यावर ही बाई जेमतेम आठवडाभर त्याच्याजवळ थांबते. मग थेट समुद्रात! कारण सिंपल आहे. तिनं खाल्लं नाही, तर दूध येणार कुठून? काही दिवस क्रिल आणि मासे खायचे, किनाऱ्यावर येऊन एक-दोन दिवस पाजायचं, की पुन्हा ड्युटीवर. तब्बल चार महिने हेच शेड्युल! दुधात जवळपास ४० टक्के फॅट, म्हणून पिल्लू मधले उपाशी दिवस काढतं. परतल्यावर एवढ्या गर्दीत आपलं पिल्लू ती आवाजावरून शोधते, वासावरून खात्री करते.

आणि हो, क्रिल कमी झालं की तिच्या फेऱ्या लांबतात, पिल्लू बारीक राहतं. दोष तिचा नसतो, समुद्राचा असतो.

आपल्या समुद्राचं काय? २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील, तिथे पाळणाघर सक्तीचं आहे. मैत्रिणीच्या चकाचक ऑफिसात जिम आहे, पाळणाघर नाही!

शनिवारी सकाळी दारातून तिचा आवाज आला, की बाळ आजीच्या कडेवरून झेप घेतं. वाईट आईकडे कुणी असं झेपावतं का?