रक्तातील प्रथिने तपासा

पायांवरची सूज आपण ‘दिवसभर उभे राहून आली’ म्हणून अंगावर काढतो. बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल तर दवाखाना गाठा. तेथे रक्तातील प्रथिनांची तपासणी सांगितली तर ती टाळू नका. त्यातले अल्ब्युमिन यकृतात तयार होते व पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ते १०० मिलिलिटरमागे साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असते. फार घटले की पाणी बाहेर झिरपून सूज येते. यकृत बिघडले तर अल्ब्युमिन कमी बनते. मूत्रपिंड बिघडले तर लघवीवाटे निघून जाते. तेव्हा नुसती अंडी-डाळ वाढवून भागत नाही. लघवीही तपासून घ्या. गळती कोठे आहे ते कळले, तरच योग्य औषध मिळेल.