धारावी देवीच्या वाटेवर

मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना खच्चून भरलेली लोकल आणि घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आठवते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की वेगळंच गाव दिसू लागतं. मुर्धे, राई, मोर्वा एकामागून एक येतात. मधे मिठागरं; उन्हाळ्यात बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी. पुढे तारोडीला धारावी देवीचं मंदिर, इथल्या आगरी-कोळी घरांचं श्रद्धास्थान. आणि त्याही पुढे, चौकला, धारावी किल्ल्याचे अवशेष. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ दरम्यान, याच्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज इरेला पेटून लढले. इथून खाडीचं तोंड ताब्यात राहतं, पलीकडे वसई.

१९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा माध्यमांतून चालतात, कारण मुलं तितक्या मुलखांतून आली आहेत. चौथीत ती प्रतापगडाची लढाई जीव ओतून सांगतात, ऐकताना ऊर भरून येतो. आपल्याच शहरातला किल्ला मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मला हे मनापासून खटकतं.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: यंदाची सहल रिसॉर्टला नको, चौकला न्या. वाटेत देवीच्या देवळात थांबा आणि गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांना मुलांशी बोलायला बसवा.