दोन खतावण्या

माझ्या पुतण्याची मुलगी पुण्यास यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. ती ज्यूडो खेळते आणि राज्य पातळीवर तिने पदकेही मिळविली आहेत. दिवाळीत ती घरी आली, तेव्हा पुतण्याने पेढीवर बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला होता : ‘‘पीएच.डी. करायची असेल तर ते पट्टे-बिट्टे आता बंद.’’ प्रकरण माझ्यापुढे आले. निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे असे खटले येतातच. कर्जप्रस्ताव तपासण्याची जुनी खोड. मी प्रथम तिचे वेळापत्रक मागितले. त्यात वायफळ खर्च फारसा आढळला नाही. मग पुतण्याला बसवून घेतले आणि दोघांना एका माणसाची हकीकत सांगितली.

मोशे फेल्डेनक्रायस यांचा जन्म १९०४ साली, आजच्या युक्रेनमधील स्लावुता गावी झाला. किशोरवयातच घर सोडून ते पॅलेस्टाइनला गेले. तेथे मजुरी केली, जमीनमोजणी केली, स्वसंरक्षणासाठी जुजुत्सू आत्मसात करून त्यावर हिब्रूत पुस्तकही लिहिले. पुढे पॅरिसला येऊन १९३३ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि फ्रेदेरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केले. हेच जोलिओ १९३५ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. सोर्बोनची डॉक्टरेटही फेल्डेनक्रायस यांनी मिळविली.

ज्यूडोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांची व त्यांची भेट पॅरिसमध्येच १९३३ साली झाली. कानो स्वतः शिक्षणतज्ज्ञ होते. १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापताना त्यांनी जुन्या जुजुत्सूला नवी शिस्त दिली. शक्तीचा सर्वांत कार्यक्षम विनियोग हे त्यांचे सूत्र; व्यापाऱ्याला ते निराळे समजावून सांगावे लागू नये! फेल्डेनक्रायस यांनी काळा पट्टा मिळविला आणि फ्रान्समधील पहिल्या ज्यूडो मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

येथे नातीचे डोळे चमकले, कारण पुढचा भाग तिच्या विषयातला होता. प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणे म्हणजे ज्यूडो नव्हे. आधी त्याचा तोल ढळवायचा. त्याचा गुरुत्वमध्य पावलांच्या आधाराबाहेर गेला की लहान चणीचा माणूसही आपल्या कमरेची टेकू करून त्याला फिरवू शकतो. तरफ, टेकू, गुरुत्वमध्य : वर्गातल्या फळ्यावर असते तेच गादीवर. फेल्डेनक्रायस यांच्या ज्यूडोवरील पुस्तकांत हा अभियंता पानोपानी दिसतो.

१९४० मध्ये जर्मन सैन्य येताच ते इंग्लंडला निसटले आणि ब्रिटिश नौदलाच्या पाणबुडीविरोधी संशोधनात रुजू झाले. तेथेही त्यांनी सहकाऱ्यांना ज्यूडो शिकविला. तरुणपणी फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा पाणबुडीच्या निसरड्या फळीवर पुन्हा दुखावला. शस्त्रक्रियेच्या यशाची खात्री नव्हती. तेव्हा त्यांनी आपली प्रत्येक हालचाल, एखादे बिघडलेले यंत्र तपासावे तशी, अगदी संथपणे न्याहाळायला आरंभ केला. त्यांना आज जग ज्यासाठी ओळखते ती हालचाल-शिक्षणाची पद्धत अशी जन्मली. त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये आला.

हिशेबाची दुसरी बाजूही मी लपविली नाही. भौतिकशास्त्रात त्यांचे नाव जोलिओंच्या बरोबरीने घेतले जात नाही, आणि पुढे प्रयोगशाळा त्यांनी सोडलीच. दोन्ही दुकाने उत्तम चालली, असे म्हणता येणार नाही. पण एक बंद केले असते, तर तिसरे उघडलेच नसते, असे मला वाटते.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, ‘‘काका, त्यांचा गुडघा बरा झाला का?’’

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. त्याची धास्ती अभ्यासाची नव्हतीच. गेल्या वर्षी पोरगी खांदा बांधून घरी आली होती, ते तो विसरला नव्हता. मी सांगितले, ते चालू लागले, शिकवू लागले, पण गुडघा जपावा लागला.

‘‘बाबा, मीही जपते,’’ ती म्हणाली.

त्याने टेबलावरची दैनंदिनी ओढली आणि तिला स्पर्धेची तारीख विचारली. प्रबंधाचा पहिला आराखडा देण्याची मुदतही त्याच आठवड्यात निघाली. त्याने दोन्ही तारखा लिहून घेतल्या.