उंभा : आधी कागद, मग गोळी

१७ जुलै २०१९ रोजी उत्तर प्रदेशच्या सोनभद्र जिल्ह्यातील उंभा या गावी ग्रामप्रधान तीसएक ट्रॅक्टर आणि सुमारे दोनशे माणसे घेऊन शेतात उतरला. शंभरएक बिघे जमिनीचा ताबा त्याला घ्यावयाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारे गोंड वनवासी आडवे आले, तेव्हा आधी लाठ्या आणि मग बंदुका चालल्या. तीन स्त्रियांसह दहा जण मारले गेले. वीसहून अधिक घायाळ झाले. पोलिसांना दूरध्वनी करूनही ते वेळेवर आले नाहीत, असे ग्रामस्थांनी सांगितले.

अशा घटनांना ‘जमिनीच्या वादातून दोन गटांत हाणामारी’ म्हणण्याची आपल्या वृत्तपत्रांची जुनी रीत आहे. परंतु ज्या वादात एका बाजूला नांगर आणि दुसऱ्या बाजूला बंदूक, खरेदीखत, तहसील कचेरी असे सारेच असते, त्याला वाद कसे म्हणावे? उंभ्याची गोळी २०१९ मध्ये सुटली खरी. ती भरली गेली होती १९५५ मध्ये, आणि तीही एका सरकारी कचेरीत.

उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा १ जुलै १९५२ पासून लागू झाला. पडीक आणि सामाईक जमिनी गावसभेच्या झाल्या. उंभ्यातील अशीच शेकडो बिघे जमीन १९५५ च्या डिसेंबरात तहसीलदाराने एका कृषी सहकारी संस्थेच्या नावे चढविली. संस्थेचे नाव ‘आदर्श’! सहकाराचा तो सुवर्णकाळ. ‘सहकार’ म्हटले की कोणी प्रश्न विचारीत नसे. संस्थेचे सूत्रधार काँग्रेसच्या राजकारणातील वजनदार गृहस्थ होते. जमीन कसणारे गोंड मात्र त्या कागदावर कोठेच नव्हते. कसण्यासाठी ते संस्थेच्या माणसांना दरसाल पैसे मोजीत राहिले. १९८९ मध्ये या संस्थेच्या जमिनीतील मोठा भाग एका सनदी अधिकाऱ्याच्या कुटुंबीयांच्या नावावर गेला, आणि २०१७ मध्ये त्यातील जमीन ग्रामप्रधानाने व त्याच्या नातलगांनी विकत घेतली. गावसभेचा विश्वस्त असावा असा माणूसच गावसभेच्या मूळ जमिनीचा ग्राहक झाला.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कुळांना जमिनीच्या मालकीचा मार्ग खुला झाला. त्यातही पळवाटा निघाल्या, कुळे फसविली गेली; तरी सात-बाराच्या उताऱ्यावर कुळाचे नाव लागते, हे भान खेड्यापाड्यांत रुजले. सोनभद्रच्या गोंडांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. या जिल्ह्यातील गोंडांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला तोच मुळी २००२ च्या दुरुस्ती कायद्याने! शेजारच्या मध्य प्रदेशातील त्यांचे सोयरे जमात म्हणून ओळखले जात असता स्वातंत्र्यानंतर अर्धशतक हे मात्र त्या सूचीबाहेर राहिले.

मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी विधानसभेत या प्रकरणाचे मूळ १९५५ मध्ये असल्याचे सांगितले, ते सत्यच आहे. काँग्रेसचे नेते अश्रू पुसावयास निघाले, तेव्हा त्यांच्याच राजवटीतला तो कागद त्यांच्यासमोर ठेवणे आवश्यकच होते. पण तेवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी पुढचे पानही उलटावे. फेरफार मंजूर झाला तो २०१९ च्या प्रारंभी. वनवासींचे अपील जुलैच्या पहिल्या आठवड्यात फेटाळले गेले, आणि मधल्या काळात गुन्हे नोंदले गेले ते ग्रामस्थांवरच. तेव्हा लखनौत काँग्रेस नव्हती. सत्तेवर पक्ष कोणताही येवो, तहसीलदाराची लेखणी बदलत नाही. आणि राष्ट्रहिताची भाषा बोलणाऱ्यांच्या राज्यात तरी ती बदलावी, ही अपेक्षा गैर नव्हे. कटू असले तरी हे आपल्याच घरात बोलले पाहिजे. सोनभद्रच्या याच डोंगरांत नक्षलवाद्यांनी ठाण मांडले होते, ते काही हवेतून उगवले नव्हते.

हत्याकांडानंतर सारी यंत्रणा एकाएकी जागी झाली. २१ जुलैला मुख्यमंत्री गावात गेले, ४ ऑगस्टला जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक हलविले गेले, जमीन पुन्हा गावसभेकडे आली आणि सप्टेंबरात वनवासी कुटुंबांना पट्टेही मिळाले. जे काम सहा दशके अशक्य म्हणून पडून होते, ते दोन महिन्यांत झाले! मग त्याआधी अडचण कसली होती?

मिर्झापूर आणि सोनभद्र जिल्ह्यांतील अशा सहकारी संस्थांच्या जमिनींच्या चौकशीसाठी तेव्हा समिती नेमली गेली होती. गावसभेची कोणती जमीन कोणत्या संस्थेच्या नावे गेली, तेथून ती कोणाकडे आली आणि आज ती कोण कसतो, ही यादी तहसील कचेरीच्या कपाटात न ठेवता त्या त्या गावाच्या पंचायतघरावर लावावी आणि कसणाऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी. वनवासींत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती मिळेपर्यंत कचेरीच्या पायऱ्या सोडू नयेत.