शेळीला तीन, पोराला दोन



या पानावर मी एरवी पिकाबद्दल नाहीतर बाजारभावाबद्दल लिहितो. या वेळी घरचे लिहितो आहे. माझा मुलगा जीपखाली गेला त्याला सात वर्षे झाली. अकरावीत होता. सायकलवरून रस्त्याच्या कडेने चालला होता. जीपवाला वळणावर एसटीला ओलांडायला गेला. प्यायलेला होता. खटला सहा वर्षे चालला. पंच फिरले, एक साक्षीदार कामासाठी मुंबईला गेला तो परत आला नाही. अखेर शिक्षा झाली, एक वर्ष कैद आणि दहा हजार दंड. त्याच दुपारी अपिलासाठी जामीन मिळाला आणि आम्ही दोघे एकाच एसटीने परत आलो. तो पुढे बसला होता.

जुन्या दंडविधानात कलम ३०४-अ खाली जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षे. चेक वटला नाही तरी दोनच वर्षे. रानात चरणारी शेळी चोरली तर मात्र तीन. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत कलम १०६ आले आणि दोनाची पाच वर्षे झाली. माणूस मारून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद केली होती. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवली, तेव्हा जुलैत बाकी कायदा लागू झाला, ती तरतूद बाजूला राहिली.

लोक विचारतात, पाच वर्षांनी तुझे समाधान झाले असते का? पहिल्या वर्षी मला फाशी हवी होती, हे कबूल करतो. आता आकड्यावर माझा तितका विश्वास उरलेला नाही. बोंडअळी बोंडात शिरल्यावर दुप्पट औषध मारून उपयोग नाही, हे मी वीस वर्षे बांधावर उभा राहून सांगत आलो. कोर्टाचेही तेच आहे. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली, सात जण मेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने तीन वर्षे केली, सुप्रीम कोर्टाने ती कायम करेपर्यंत २०१२ उजाडले. सदोष मनुष्यवधाच्या कलमात दहा वर्षांपर्यंत जागा तेव्हाही होती.

मला हवे ते एवढेच. खटला वर्षात संपावा. ज्याने पिऊन माणूस मारला त्याच्या हाती पुन्हा स्टिअरिंग येऊ नये. माझ्या मुलाला मारणारा आजही त्याच रस्त्याला वडाप चालवतो. आणि तो पितो हे ठाऊक असून रोज सकाळी किल्ली देणारा मालक? तो एकाही तारखेला कोर्टात दिसला नाही. भरपाईचे पैसे मिळाले ना, असे म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आता आपल्याकडे वळतो. पुण्यात १९ मे २०२४ च्या रात्री अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअर मेले. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून आपण सगळे चिडलो. पुढे तो जामीन फिरवला गेला. पण आपल्या गावात सोळा वर्षांच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देणे ही कौतुकाची गोष्ट असते, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या दिव्याशिवाय रात्री रस्त्यात उभ्या असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून अशा बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे किती जणांना माहीत आहे?

गेल्या महिन्यात आपलाच एक जुना कार्यकर्ता माझ्याकडे आला. त्याच्या पोराच्या ट्रॅक्टरखाली शेजारच्या गावची बाई गेली. पोराला सतरावे लागले आहे. साहेबांना सांगून गुन्हा गड्याच्या नावावर घ्या, म्हणाला. रस्ता रोकोत आम्ही एका गाडीत तुरुंगात गेलेले. मी त्याला चहा दिला आणि येणार नाही म्हणालो. त्या बाईची आई जिवंत आहे. मी तिला भेटून आलो.