विहार समितीची बैठक आणि संघाची रीत

वर्धा जिल्ह्यात, देवळी-पुलगावपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत, बौद्धांच्या मोहल्ल्यांतून विहार उभे राहिले आहेत आणि विहार म्हटला की त्याची समिती आलीच. ज्या समाजाला गावच्या चावडीपुढे उभे राहून निवाडा ऐकावा लागे, तो आज स्वतःच्या सतरंजीवर बसून स्वतःचे निर्णय घेऊ इच्छितो, ही सामान्य घटना नव्हे. परंतु ही बैठक चालते कशी? नऊची वेळ दिलेली असते, माणसे दहाला जमतात. दोघे-तिघे अकरापर्यंत भाषण करतात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब निघाला की आवाज चढतो, आणि निर्णयावाचून सतरंज्या गुंडाळल्या जातात. पुढील वर्षी त्याच मोहल्ल्यात दोन समित्या आणि दोन पावतीपुस्तके! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे एका रांगेत उभे राहिले, त्यांच्या नातवंडांनी वर्गणीवरून वेगळ्या चुली मांडाव्यात, याचा खेद कोणास होणार नाही?

बैठकीची शिस्त ही आपल्याला परकी वस्तू नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना पूज्य बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्षुसंघास ज्ञात होते. विनयपिटकात ही रीत विस्ताराने आली आहे. विषय प्रथम संघापुढे मांडावयाचा. त्यास 'ञत्ति' म्हणत. नंतर ठराव वाचावयाचा. उपसंपदेसारख्या गंभीर कार्यात तो तीन वेळा वाचला जाई. ज्यास मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे. बहुतेक कार्यांस किमान चार भिक्षू उपस्थित लागत. आजारी भिक्षू आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवी. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते घेत, आणि शलाका गोळा करणारा कसा असावा, हेही ठरलेले होते: लोभ, द्वेष, मोह व भय यांना वश न होणारा, आणि कोणाचे मत घेतले व कोणाचे राहिले हे जाणणारा. अध्यक्ष वा खजिनदार निवडताना आपण ही कसोटी लावतो काय?

मात्र मौनाच्या बाबतीत आपणांस सावध राहिले पाहिजे. संघातील मौन समान दर्जाच्या माणसांचे मौन होते. आपल्या बैठकीत मागे भिंतीशी बसलेली उपासिका गप्प असते, ती संमती म्हणून नव्हे. तिला कोणी विचारलेलेच नसते. बोलणाऱ्याचे उसने पैसे ज्याच्याकडे थकले आहेत, तो मजूरही गप्पच असतो. म्हणून चालकाने स्वतः शेवटी बोलावे व प्रत्येकास नावाने विचारावे. कापूस वेचणीच्या दिवसांत स्त्रिया अंधार पडता पडता घरी येतात, मग चूल पेटते. त्यांच्यासाठी रात्री दहाची बैठक म्हणजे बैठकीचे दार बंदच. वंदनेनंतर सकाळची वेळ का ठेवू नये?

याच स्त्रियांच्या बचत गटाकडे समितीने पाहावे. दहा ते वीस जणी गोलाकार बसतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे ही त्यांची पंचसूत्री. तीत बैठक पहिली आहे. हिशेब सर्वांसमक्ष मांडला जातो, म्हणून संशयाला जागा उरत नाही. पुरुषांच्या समितीस ही गोष्ट शिकण्यात कमीपणा वाटू नये. मागील बैठकीचे इतिवृत्त व जमाखर्च आरंभीच मोठ्याने वाचावा, ठराव त्याच ठिकाणी लिहावा, आणि कोणी काय करावयाचे ते नावासह नोंदवावे. निम्मी भांडणे एवढ्यानेच मिटतील.

हे सारे विहारापुरते नाही. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यान्वये ग्रामसभेस १५ टक्के अथवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी गणपूर्ती लागते. आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. घरकुलाची यादी, स्मशानभूमीची वाट, मोहल्ल्याचे पाणी हे विषय तेथे येतात. तेथे एकमुखाने उभे राहावयाचे तर मागणी आधी विहारात चर्चून, लिहून, तीन वेळा वाचून नेली पाहिजे. ग्रामसभेची नोटीस लागताच समितीने त्या आठवड्याची बैठक याच एका विषयासाठी बोलवावी, आणि त्या दिवशी भाषणे ठेवू नयेत.